आळशी

नातीला लस टोचायला दवाखान्यात घेऊन गेले होते. शेजारी बसलेली बाई आपल्या चार वर्षांच्या मुलीला नाव सांगायला शिकवत होती. मुलगी बोलेना, तशी तिनं फाडकन थोबाडीत मारली. "मुकी आहेस का गं?" मुलगी रडलीही नाही. मी बाईचा हात धरला. तो थंडगार होता, सुजलेला.

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाईचा सुजरा चेहरा न्याहाळत त्यांनी विचारलं, "ही पोटात असताना थायरॉईडची तपासणी केली होती?"

"नाही. तेव्हा सारखी झोप यायची. सासूबाई म्हणायच्या, आळशी आहे. नवऱ्यानं दोनदा केसांना धरून उठवलं."

"तेव्हा थायरॉईड कमी असेल तर बाळाच्या वाढीवर, बोलण्यावरही परिणाम होऊ शकतो. आत्ता खात्रीनं नाही सांगता येणार. दोघींचं रक्त तपासू."

बाई दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड बडवू लागली. मला ती आवरेना. तिच्याकडे बघून मुलगीही आपले गाल बडवायला लागली. तेव्हा कुठे बाई थांबली आणि तिनं मुलीचे हात घट्ट धरले.

एका आजाराला आळस म्हणून किती घरांत मार बसला असेल! केस मी कुणाचे धरले नाहीत, पण सुनेच्या गरोदरपणात तो शब्द माझ्याही तोंडी होता.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, "उद्या तुझं थायरॉईड तपासून घेऊ."

"आता? तेव्हा मी सांगत होते की, आई."

मला तिच्याकडे बघवलं नाही.