टच स्क्रीनला लावलेलं कुंकू

खंडेनवमीला आमच्या तारापूरच्या कारखान्यात पान्यापासून बॉयलरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, झेंडूची माळ चढते. मलाही फार आवडायचं ते. आता झेंडूचा वास आला की मी आधी टाकीत वाकून बघते.

आधी टाक्यांचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडे रंग ढवळायच्या टाक्या एका रांगेत आहेत, आणि प्रत्येकीत मोठाली लोखंडी पाती फिरतात. मशीन चालवणारा लॅडर प्रोग्रॅम मी सांभाळते, आणि त्यात पाती सुरू करायची ओळ मात्र एकच. तिच्यात कुठल्याच टाकीचा पत्ता पक्का लिहिलेला नाही. स्क्रीनवर ज्या टाकीचं बटण दाबाल तो आकडा इंडेक्स रजिस्टर नावाच्या कप्प्यात जाऊन बसतो, आणि हुकूम मूळ पत्त्यापासून तेवढी घरं पुढे जातो. टाक्या साफ करणारे काका इथल्याच समुद्रकाठच्या नवापूरचे. त्यांना एकदा हे समजावलं, तर म्हणाले, "म्हंजे आमची बाय पाटी घेऊन निघते तसं. देवळापासून तिसरं दार म्हटलं का तिकडंच बोंबील." मी म्हटलं, अगदी तसंच. दोघंही हसलो होतो.

त्या खंडेनवमीला सकाळी काका तीन नंबरच्या टाकीत उतरून बुडाला बसलेला थर खरवडत होते. तिचा मेन स्विच अर्थातच पाडून ठेवलेला. मी बोईसरहून पेढे घेऊन आले आणि बघते तर काय, पॅनलवरचे सगळेच्या सगळे दिवे लखलखतायत, तीन नंबरचासुद्धा! "हे कोणी केलं?" मी वायरमनवर खेकसले.

"साब ने बोला, पूजा में पैनल मरा हुआ अच्छा नहीं लगता."

माझं डोकंच फिरलं. पेढ्यांचा खोका तिथेच टाकून मी स्विचकडे धावले. पण माळा, समया, माणसं, सगळी वाटेत. तोवर साहेबांनी कुंकवाचं ओलं बोट टच स्क्रीनला टेकवलं होतं. अहो, टच स्क्रीनला! तिला कुंकू लावतात होय? मुहूर्ताला रिकामी दोन नंबरची टाकी फिरवायची होती आणि तीच निवडून ठेवलेली होती. बोट पडलं नेमकं तीनच्या बटणावर. आकडा बदलला, पण उजळलेलं बटण कुणाला दिसेना, कारण त्याच्यावरच टिळा. साहेबांनी हात जोडले आणि सुरू करायचं बटण दाबलं.

दोन नंबर गप्प. घरघर आली ती तीनमधून.

मी सगळं बंद करायच्या लाल बटणावर अख्खा हात आपटला. पाती थांबली. टाकीच्या शिडीपाशी काकांच्या चपला होत्या. "काका!" मी ओरडले. आतून आवाज नाही. वाकून बघायची माझी छाती होईना. शेवटी वायरमनने बॅटरी मारली. आत काकांची प्लास्टिकची बादली होती, तिच्या चिंधड्या झालेल्या. बाकी काही नव्हतं.

"काय झालं गो?"

मागे काका उभे! अनवाणी, हातात खरवडायची लोखंडी पट्टी. पट्टीला कुंकू लावून घ्यायला ते टाकीतून वर आले होते, आणि पूजेला जायचं म्हणून चपला शिडीपाशीच ठेवून गर्दीच्या मागे उभे होते. मी त्यांच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. "कुठे तडमडला होतात हो!" एवढंच सुचलं. रडू आवरेना.

काकांनी टाकीत वाकून बादलीकडे पाहिलं. मग साहेबांसमोर जाऊन पट्टी पुढे केली.

"हिला लावायचं राह्यलं, साहेब. हिच्यावर दाबा बोट. इथं काय चालू व्हायचं नाय."

साहेबांनी काकांच्या नजरेला नजर न देताच बोट टेकवलं, आणि कुंकू पट्टीवर कमी आणि काकांच्या मनगटावरच जास्त ओघळलं. ते लाल मनगट बघितलं आणि मी जाऊन तीन नंबरचा मेन स्विच पाडला.