चपलांची रांग आणि रोमची जहाजं

आमच्या गावाला बोर धरणाचं पाणी जवळ. काठावर चपला काढायच्या, पाण्यात उतरायचं, परत येऊन घालायच्या. पाणी जागचं हलत नाही. याच भरवशावर मी, इतिहासाची शिक्षिका, डिसेंबरात आठवीच्या मुलींना घेऊन कोकणात सहलीला गेले. समुद्र मीही पहिल्यांदाच पाहत होते, पण ते मुलींना कशाला सांगू! पाण्यापासून चार पावलांवर सगळ्यांच्या चपला शिस्तीत रांगेत लावल्या. एकीने तेवढी आपली जोडी दूर वर, वाळलेल्या काडीकचऱ्याच्या पलीकडे नेऊन ठेवली. माझा राग तर कायम नाकावर. "रांग म्हणजे रांग!" म्हणत मी तिला जोडी खाली आणायला लावली. भरती आली आणि अख्खी रांग घेऊन गेली. आम्ही अनवाणी बसमध्ये चढलो.

शिक्षकांच्या खोलीत महिनाभर तेच. "मॅडम, समुद्राले आहेर करून आल्या म्हणे?"

जोडी वर ठेवणारी ती मुलगी जंगलाच्या कडेला राहणाऱ्या गोंड घरातली. पाचवीत तिच्या मराठीला वर्ग हसला होता, तेव्हापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. जानेवारीत तिचे वडील आले.

"बोलतच नाई पोरगी, त शाळेत ठेवून का करू? घरी कामाले तरी येईन."

"भाऊ, पालकसभेपर्यंत थांबा," मी म्हटलं. पुढे काय करणार, ते मलाच ठाऊक नव्हतं.

पालकसभेला आईवडील आणि बाकीचे शिक्षक मागे सतरंजीवर बसून आमचा एक तास पाहतात. त्या दिवशी मी पुस्तकाबाहेरचा धडा घेतला. खरं सांगायचं तर थट्टेचा वचपा काढायला. रोमचा सेनापती दोन हजार वर्षांपूर्वी ब्रिटनच्या बेटावर चालून गेला. त्यांच्या घरच्या समुद्राला भरती नावालाच. जहाजं किनाऱ्याशी लावून फौज निवांत राहिली. पौर्णिमेची भरती चढली, काही जहाजांत पाणी भरलं, काही वादळात फुटली. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला, जहाजं पुन्हा पाण्यातच ठेवली आणि पुन्हा फोडून घेतली! जग जिंकायला निघालेल्यांची ही गत, तिथे माझ्या चपलांचं काय घेऊन बसलात? सगळे हसले.

"एवढी हुशार फौज. त्यांना कळलं का नाही?" मी विचारलं.

मग शेवटच्या बाकावरून ती उठली. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं.

"मॅडम, पाणी कुठवर येते ते काडीकचऱ्यावरून समजते. तो जिथं लागून रायते, तिथवर पाणी येऊन गेलं असते. त्या बेटावरच्या लोकायले माहीत असन. त्यायले कोणी इचारलंच नाई."

माझा चेहरा तापला. वर ठेवलेली ती जोडी डोळ्यांसमोर आली. मग मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की हिनं चपला वर ठेवल्या होत्या आणि मी दटावून खाली आणायला लावल्या. शरम वाटत होती, पण अभिमान त्याहून मोठा होता. माझी विद्यार्थिनी रोमच्या सेनापतीला धडा शिकवत होती.

वडील मागून उभे राहिले. "नाल्याचा पूर आमी असाच पायतो. मीनंच शिकवलं तिले," ते म्हणाले, आणि छाती काढून साऱ्या सभेकडे पाहिलं. जाताना दारात थांबले. "मॅडम, उद्या धाडतो."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बाकावर बसली होती. मी खडू उचलायच्या आत तिचा हात वर गेला.

"मॅडम, मंग त्या बेटावरच्या लोकायचं का झालं?"

मी खडू तसाच राहू दिला. "तुला काय वाटतं?" मी विचारलं.