दोन मुक्या पट्ट्या

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. पण वही कोणाच्या हाती लागलीच, तर हसण्यासारखं यात दुसरं पुष्कळ आहे. अक्षराला हसू नये.

आणीबाणीतली गोष्ट. आमच्या घराला लागून एक शाहीर राहायचे. जयंतीला विहारासमोर ते पेटी वाजवत गायचे, लोक रुपया-रुपया बक्षीस द्यायचे आणि ते देणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारायचे. आणखी कुठेकुठे बोलावणी यायची. त्यावरच त्यांचं घर चालायचं.

त्या वर्षी त्यांनी तुपाच्या डब्याचं गाणं केलं. तेव्हा ते, मुलं बंद करायचं ऑपरेशन करून घेणाऱ्या पुरुषाला तुपाचा डबा मिळायचा. गाण्यातल्या म्हाताऱ्याची बायको वारून दहा वर्षं झालेली, तरी त्याला धरून नेतात आणि डबा देतात. महिन्यानं दुसरे येतात, पुन्हा नेतात, पुन्हा डबा. मी दाराआड उभी राहून पदर तोंडात धरून हसले होते.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. शाहिरांना नेलं, पेटी जप्त केली.

शाहिरांची बायको माझ्याकडे आली. "बाई, वकील एकशे वीस मांगून राहिला वं. कुठून आणू?"

माझी भिशी त्याच आठवड्यात लागली होती. बारा बायका, दहा-दहा रुपये. जुनी शिलाई मशीन बघून ठेवली होती मी. पैसे तांदळाच्या डब्यात होते. काढले आणि "घे" म्हणाले. एवढंच बोलता आलं.

शाहीर सुटून आले. अट अशी की केस मिटेपर्यंत गायचं नाही.

पुढच्या आठवड्यात हवालदार सायकलच्या कॅरियरला पेटी बांधून वस्तीत हजर. "ठाण्यात घुशी झाल्या," तो सांगू लागला. "भाता कुरतडला तर साहेब माह्या पगारातून कापन. कोणाच्या तरी घरी ठेवाले लागते. आरोपीच्या घरी चालत नाही. सही येते का कोणाले?"

पुरुष गिरणीत गेलेले. जे घरी होते ते एकाएकी दिसेनासे झाले. बायकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिले येते. चौथी शिकली हे."

मी सही केली. लवकर सुटका व्हावी म्हणून कागद वाचलाच नाही. तो यांनी संध्याकाळी वाचला. पेटी चालू स्थितीत परत करीन, नाही तर चारशे रुपये भरीन, असं मी लिहून दिलं होतं.

"चारशे!" हे म्हणाले. "इतका तर माह्या महिन्याचा पगार नाही. काहून केली वं सही?"

"येते म्हणून," मी म्हणाले.

पावसाळा लागला. पेटी फळीवर, वर गोधडी. शाहीर रोज दारात येऊन लांबून बघायचे, हात लावायची सोय नव्हती. "वहिनी, न वाजवता ठेवली तर ओलीनं फुगते. मग पट्ट्या उठत नाहीत. अशीच राहिली तर मी सुटूनबी काय करू?" एकदा बोलता बोलता त्यांचा हात हवेतच भाता ओढत होता. माझे चारशे आणि त्यांचं पोट एकाच गोधडीखाली झाकलेलं होतं.

हवालदार दर रविवारी पेटी जागेवर आहे का बघायला यायचा. परक्या पुरुषाशी मी कधी बोलत नसे. त्या रविवारी दाराआडून बोलले, "चालू आहे का ते वाजवल्याशिवाय कसं कळेल?"

त्यानं विचार केला. टोपी काढली, पेटी खाली घेतली आणि एका बोटानं पट्टी दाबली. भाता हलवायचा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आवाज आला नाही.

"बाई, बंद पडली!" त्याला घाम फुटला. "आता कोण भरन?"

मी शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. शाहिरांना बोलावणं गेलं. "वाजवून दाखवा," हवालदार म्हणाला. "पण शब्द नाही पाहिजे. एकबी शब्द नाही."

त्यांनी तुपाच्या डब्याचीच चाल वाजवली. तपासणीला दोन पंच लागतात म्हणून दोघं आत आले. पुढच्या रविवारी पंच व्हायला वीस जण आले, बायका चटया घेऊन आल्या, मला दोनदा चहा ठेवावा लागला. शब्द एकही नाही. पण म्हाताऱ्याला दुसरा डबा मिळतो तिथं सगळे एकदम हसले.

"काहून हसून राहिले गा तुम्ही?"

"पेटी चांगली आहे, साहेब," एक पंच म्हणाला.

हवालदारानं तसंच लिहिलं: पेटी चांगली आहे. पंचांची खात्री झाली. तो दर रविवारी येत राहिला, आणि पुढे पुढे स्वतःच म्हणायचा, "मागच्या वेळी वाजवलं ते पुन्हा तपासा."

सरकार बदललं, केस काढून घेतली. हवालदार पेटी सोडवण्याचा कागद घेऊन आला. सगळ्या पट्ट्या वाजवून झाल्या आणि त्याचा चेहरा पडला.

"वस्तू जुळत नाही."

जप्तीच्या पंचनाम्यात लिहिलं होतं, दोन पट्ट्या मुक्या. शाहिरांनी तपासणीच्या निमित्तानं पेटी उघडून त्या बसल्या बसल्या दुरुस्त केल्या होत्या. आता सगळ्याच बोलत होत्या.

"सुधारली हे ना, साहेब," शाहीर म्हणाले.

"तेच तर! जप्त वस्तू सुधारते काय कुठं? साहेब म्हणन, पेटी बदलली. तुम्ही आत, या बाईबी आत, मीबी आत!"

मग मी मुलीची वही काढली, हीच, मधलं एक पान फाडलं आणि घड्या घालून शाहिरांना दिलं. त्यांनी पेटी उघडून तो कागद त्याच दोन पट्ट्यांच्या आतल्या पितळी जिभांखाली खुपसला. एवढ्या मेहनतीनं बोलत्या केलेल्या पट्ट्या स्वतःच्या हातानं मुक्या करताना त्यांचा चेहरा बघवेना. हवालदारानं दोन्ही दाबून बघितल्या. आता भाताही त्याला हलवता येत होता.

"बरोबर मुक्या हे," तो म्हणाला आणि सही घेतली. मी या वेळी कागद पूर्ण वाचला. त्याची सायकल कोपऱ्यावर वळायच्या आत शाहिरांनी घड्या ओढून काढल्या.

जयंतीला उन्हं उतरल्यावर त्यांनी ते गाणं शब्दांसकट म्हटलं. लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. साध्या कपड्यांतल्या एकानं दोन रुपये दिले आणि "नाव नको पुकारू गा" असं खुणेनं सांगितलं. मी त्याला टोपीशिवायही ओळखलं.

शेवटी शाहिरांनी पेटीवरच रुपये मोजले आणि पुकारलं, "शेजारच्या वहिनीले एकशे वीस रुपये! बक्षीस नाही, परतफेड!" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तिथून पळाले, तेव्हा त्यांची बायको मागून घरी आली आणि माझ्या पदरात नोटा ओतल्या. "मोज वं," ती म्हणाली. मला लाज वाटत होती, तरी मोजले. एकशे वीस होते, पूर्ण.