मनोहर सर आणि डबीचे रॉकर

मनोहर सर फळ्यावर गणित सोडवता सोडवता मध्येच थांबत, खडू कानामागे खोचत आणि भरल्या वर्गाला सांगून टाकत, "पोट्टेहो, थांबा. मी गोंधळलो." मग ते आणि वर्ग मिळून फळ्याकडे बघत बसत. शेजारच्या वर्गात मी इतिहास शिकवायचो. भिंतीपलीकडची ती शांतता ऐकून माझाच जीव वरखाली व्हायचा. माणसानं गोंधळावं, पण त्याचा गाजावाजा कशाला करावा? पांढुर्ण्यातल्या काही पालकांनी तक्रारही केली. हेडमास्तरांनी सरांना बोलावून सांगितलं, गणित घरून सोडवून आणत जा. सर म्हणाले, "घरून सोडवून आनलं तं पोट्ट्यायले वाटते, गनित सोडवेलंच असते."

माझा स्वभाव नेमका उलटा. प्रश्न अर्धा ऐकला की माझं उत्तर तयार. इतिहासात ते खपूनही जातं. तरी एका शाळेत नोकरी करून, एका गल्लीत समोरासमोर राहून आमची मैत्री कशी जमली, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांना गोंधळायला सोबत लागत असावी आणि मला उत्तरं द्यायला गिऱ्हाईक.

सरांनी लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची माय. मायला लकवा होऊन गेल्यापासून डाव्या अंगात जोर उरला नव्हता. काठी टेकत ती अंगणापर्यंत यायची, पण बसच्या पायऱ्या चढणं संपलं होतं. आणि मायचा शनिवार म्हणजे जामसांवली. तिथल्या मारुतीचं दर्शन चुकलं की तिचं जेवणावरचं मन उडायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सरांची स्वतःची श्रद्धा होती की नव्हती, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. "तपासून राहिलो," एवढंच ते म्हणाले.

मायसाठी म्हणून त्यांनी एका संत्र्याच्या बागायतदाराकडून जुनी विलायती गाडी घेतली. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. गावात मोटारी मोजक्या, आणि इतकी चिमुकली तर एकही नाही. गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव डबी ठेवलं. दर शनिवारी माय पुढे बसायची, डोक्यावर पदर, उजव्या हातानं दरवाजा गच्च धरलेला. मी मागे. मला भाविक म्हणून नेत असतील असा माझा समज होता. गाडी ढकलायला एक माणूस लागतो, हे पुढे ध्यानात आलं.

कारण डबी बंद पडू लागली. आधी इंजिनाच्या डोक्यावरून टकटक असा आवाज यायचा, जामसांवलीचा फाटा जवळ येईतो तो वाढायचा आणि एकदा कड्‌ असं काहीतरी होऊन गाडी धापा टाकत थांबायची. स्टेशनजवळच्या बब्बू मिस्त्रीनं वरचं झाकण काढून दाखवलं. आत लोखंडाच्या छोट्या छोट्या तरफा एका दांड्यावर ओळीनं ओवलेल्या होत्या. त्यांना रॉकर म्हणतात. एक टोक खालून सळई ढकलते, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. पोरं सी-सॉवर खेळतात तसं. त्यातला एक रॉकर मधोमध तुटला होता. "काही नाही सर, फटीचा फरक," मिस्त्री म्हणाला. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट त्यानं पट्टी घालून नेमकी केली, नवा रॉकर बसवला आणि म्हणाला, "आता बेफिकीर राहा."

आम्ही बेफिकीर राहिलो आणि रॉकर पुन्हा तुटला. मग मिस्त्री म्हणाला, मालच हलका. नागपूरहून चांगल्यातला मागवला, तोही गेला. मग सळई वाकली असेल, म्हणून सळई बदलली. मग व्हॉल्व्ह अडकत असेल, म्हणून तो घासून घेतला. माझी उत्तरं सोबत चालूच होती. पेट्रोलमध्ये भेसळ आहे, रस्ता खराब आहे, सर गाडी फार हळू चालवतात. इंजिनाच्या तेलाला उदबत्तीसारखा वास येतो असं मिस्त्री म्हणाला, तेव्हा तेलातही भेसळ आहे असं मी ठोकून दिलं.

सर मात्र दोन गोष्टी एकदम बदलू द्यायचे नाहीत. मिस्त्री सळईबरोबर स्प्रिंगही काढायला लागला की त्याचा हात धरायचे. "एका वेळी एकच बदल, बब्बूभाऊ. नाही तं कशानं सुधरली ते कसं समजंन?" मिस्त्री माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायचा. गाडी सुधारल्याशी मतलब, असं त्याचं म्हणणं, आणि माझंही तेच होतं. पण विचित्र गोष्ट अशी की जितकी दुरुस्ती करावी तितकी डबी लवकर बिघडू लागली. पहिल्यांदा दोन-तीन महिने चालली होती, आता दोन-तीन शनिवारही धड जाईनात. दुरुस्तीनं आजार वाढतो हे कुठल्या शास्त्रात बसतं? सर एवढे गोंधळले की वर्गात रॉकरचं चित्र काढून पोरांनाच विचारू लागले. मायचे शनिवार मात्र हुकत होते. तिचं ताट तसंच परत जायचं.

शेवटी सरांनी मिस्त्रीला आपल्या अंगणात बोलावलं आणि म्हणाले, "रॉकर जाऊ द्या. मले हा दांडा आतून पाह्याचा आहे." तो दांडा पोकळ असतो. खालून पंपानं आलेलं तेल त्यातून वाहतं आणि बारीक भोकांतून एकेका रॉकरला मिळतं. दांड्याच्या टोकाचं बूच आजवर कोणी काढलंच नव्हतं. मिस्त्रीनं ते काढलं आणि आत तार घातली. तारेला घट्ट शेंदरी चिखल लागून आला. भोकं बुजलेली, तेल पुढे जात नव्हतं, आणि कोरडे रॉकर घासून घासून तुटत होते. एवढं मलाही कळलं. पण चिखल कसला? "गंज," मी म्हणालो. सरांनी तो दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला आणि मिस्त्रीपुढे धरला. मिस्त्रीनं वास घेतला, आणि सवयीनं त्याचं बोट कपाळाला लागलं. चमेलीच्या तेलातला शेंदूर होता तो.

माय पलीकडे बाजेवर बसली होती. सरांनी दांडा एका ताटात ठेवला आणि ताट तिच्यापुढे नेलं. मी म्हणत होतो की राहू द्या, म्हातारीला कशाला? पण जे माहीत आहे ते दडवणं त्यांना जमायचं नाही, जसं माहीत नसलेलं दडवणं जमायचं नाही. "माय, हे याच्यात कसं गेलं असंन?" त्यांनी विचारलं. मायनं वाकून बघितलं.

"माह्याच हातचं आहे," ती म्हणाली. "तू त्या टोपीतून तेल पाजत जाये तिले. मी पाह्यलं. म्हटलं, मारुतीच्या अंगावरचं थोडंसं तिलेही देऊ. रस्त्यानं सांभाळंन तुले." जामसांवलीहून प्रसादाचं तेल ती दर वेळी लहान बाटलीत आणायची, ते आम्हाला ठाऊक होतं. गाडी आल्यावर इंजिन निवायला म्हणून सर तिचं बॉनेट उघडं ठेवून चहाला आत जायचे, तेवढ्यात माय काठी टेकत जाऊन इंजिनावरची तेलाची टोपी उघडायची. "बिघडली की जास्त घालत गेली मी," ती म्हणाली. "एवढ्यानं भागून नसंन राहिलं, असं वाटे."

दुरुस्ती वाढली की बिघाड का वाढतो, याचं उत्तर समोर होतं आणि आम्हा तिघांपैकी कोणालाच त्याचा आनंद झाला नाही. सरांनी दांडा, तेल, बुजलेली भोकं, सगळं मायला शाळेतल्या पोराला सांगावं तसं समजावून सांगितलं. तिनं ते नीट ऐकलं. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "म्हणजे त्यानं माहं तेल घेतलं नाही."

दांडा साफ झाला. तेल बदललं. डबी इतकी गुळगुळीत चालायला लागली की मिस्त्री ती उगाच स्टेशनपर्यंत फिरवून आला. शनिवारी सर तयार होऊन गाडीत बसले, मी मागे बसलो, आणि माय बाजेवरून उठेना. "ज्याचं तेल बाधते त्यानं देवाच्या दारी काहून जावं?" ती म्हणाली. पुढच्या शनिवारीही तेच. जेवण आधीच कमी झालं होतं, आता बोलणंही कमी झालं. मला सरांचा रागच आला. एवढा खरेपणा काय कामाचा? मी तसं म्हणूनही दाखवलं. सर दारात उभे होते. "देशमुख, गाडीचं समजलं," ते म्हणाले. "मायचं काही समजून नाही राहिलं." एरवी गोंधळले की त्यांच्या चेहऱ्यावर एक मजा असायची. त्या दिवशी ती नव्हती. मला वाटलं हा माणूस आता रडतो की काय.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला गाडीत बसवलं आणि कुठे जायचं ते न सांगता जामसांवलीला नेलं. हातात इंजिन ऑइलचा नवा, न फोडलेला डबा. रांगेत उभे राहून त्यांनी तो पुजाऱ्यापुढे केला. पुजारी डबा उलटासुलटा करून म्हणाला, "सरजी, हे तं मोटारीचं तेल आहे." "हाव. देवाच्या अंगावर नाही घालायचं," सर म्हणाले. "पायाशी लावून द्या फक्त." मागची माणसं आमच्याकडे बघत होती आणि मी खांबाकडे बघत होतो. पुजाऱ्यानं डबा मारुतीच्या पायाशी टेकवला, शेंदराचं एक बोट डब्याला बाहेरून लावलं आणि परत दिला.

घरी येऊन सरांनी तो डबा मायच्या बाजेवर ठेवला. "त्याच्या पायाजवळून आनला. आता तू घाल."

मायनं शेंदराच्या बोटावरून हात फिरवला. "तो घेईन?"

"गाडी तं घेते," सर म्हणाले. "त्याचं तू पाह्य."

मायला त्यांनी धरून अंगणात आणलं. टोपी उघडली, नरसाळं धरलं. मायनं एका हातानं डबा कलता केला. अर्धं तेल आत गेलं, बाकीचं सरांच्या धुतल्या शर्टावर आणि खाली मातीत. मग ती तशीच काठी टेकत पुढच्या दाराशी गेली आणि उघडायची वाट बघत उभी राहिली. त्या दिवशी शनिवार नव्हता. तरी आम्ही गेलो.

त्यानंतर डबीचा एकही रॉकर तुटला नाही. तेल बदलायचं झालं की आधी डबा जामसांवलीला जायचा, मग मायच्या हातानं इंजिनात. माय गेली तेव्हाही गाडी उत्तम चालत होती. पुढे एक-दोन वर्षांनी सरांनी ती सौंसरच्या एका कापूस व्यापाऱ्याला दिली, आणि नेहमीप्रमाणे मी सोबत होतो. सर आता नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला फळा आठवत नाही, सौंसरचं ते दुकान आठवतं.

व्यापारी चौकस होता. फट किती ठेवायची, तेल कोणतं, कितीदा बदलायचं, सगळं त्यानं विचारलं आणि सरांनी सांगितलं. शेवटी सर म्हणाले, "आन् तेलाचा डबा आधी जामसांवलीले दाखवून आनत जा." व्यापाऱ्याला वाटलं सर थट्टा करताहेत. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी गंभीर आहे असं दिसल्यावर त्यानं विचारलं, "काहून? नाही नेला तं काय होते? पुन्हा तुटते?"

साफ केलेला दांडा आणि मारुतीच्या पायाचं तेल, दोन्ही त्या गाडीत पाठोपाठच गेली होती. मी तरी सरळ उत्तर दिलं असतं. सर डबीकडे वळले.

"ते करून नाही पाह्यलं," ते म्हणाले. "माय होती तोवर हिंमत नाही झाली. ती गेल्यावर तं अजिबातच नाही झाली."