पडद्याआडची तपासणी

आमच्या कॉलेजात दर सत्राला फीबरोबर 'वैद्यकीय' म्हणून वेगळे पैसे घेत. त्यात दोन गोष्टी मिळतील असं सांगत. जूनमध्ये डॉक्टर येऊन सगळ्यांना तपासणार, आणि कुणी आजारी पडलंच तर मदत निधीतून औषधपाण्याचा खर्च होणार. पैसे घेण्यात मात्र कधी कसूर झाली नाही.

संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी कुरुंदवाडहून कोल्हापूरला शिकायला आले होते आणि कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात राहत होते. माझ्या खोलीत चंदगडकडची एक मुलगी होती. तिचे वडील तिकडे प्राथमिक शाळेत मास्तर. गावातून मॅट्रिक होऊन बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी, म्हणून तिला पोचवायला अर्धा गाव एस.टी.पर्यंत आला होता. हे ती मला इतक्या वेळा सांगायची की कधी कधी मला तिचा वैताग यायचा. पण मुलगी गुणी होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार.

जिना चढताना ती दर वळणावर थांबायची आणि वाकून चपलेचा अंगठा नीट करायची. कोऱ्या चपलेचा अंगठा सारखा कसा निघतो, हे मला जरा उशिराच कळलं. तिला दम लागायचा. लहानपणी ताप येऊन तिचे सांधे सुजले होते, तेव्हापासूनचं हे दुखणं. "कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "बाबांना कळलं की ते येऊन घेऊन जातील. मग शिक्षण राहिलं आणि लग्नही राहिलं. आजारी मुलीला कोण पदरात घेतंय?"

कॉलेजातल्या मुलांची तपासणी व्यायामशाळेत उघड्या अंगानं व्हायची. कोल्हापूरच ते. शिवाजी पेठेतल्या तालमीत घुमणारी पोरं छाती फुगवून टेपसमोर उभी राहायची. डॉक्टर स्वतः कुस्तीचे शौकीन. ते एकेकाचे दंड दाबून बघत आणि खूश होत. आत फुप्फुसं काय म्हणतात यापेक्षा बाहेर छाती किती फुगते, यावरच सगळी भिस्त होती.

मुलींचं काय करायचं हा चालकांना पेच होता. लेडी डॉक्टर बोलवायची तर तिला वेगळं मानधन द्यावं लागणार. आणि आमच्या आदल्या वर्षी एका मुलीचे वडील थेट कॉलेजात येऊन ओरडून गेले होते, "आमची पोरगी काय बाजारातली म्हस हाय व्हय, हात लावून बघाया?" मग चालकांनी डोकं लढवलं. वसतिगृहाच्या हॉलमध्ये दोरीवर जाड पडदा टांगला आणि त्याला मधोमध भोक पाडलं. बाहेरच्या बाजूला डॉक्टर खुर्चीवर, कानात नळी घालून. आतल्या बाजूला आम्ही मुली आणि आमच्या रेक्टरबाई. नळीचं टोक भोकातून आत यायचं, ते बाईंनी मुलीच्या छातीवर धरायचं, आणि डॉक्टरांनी पलीकडून ऐकायचं.

बाई तरुणपणीच विधवा झालेल्या. सासरी थारा नव्हता, माहेरी भावजय होती. वसतिगृहातली ती एक खोली हेच त्यांचं घर. आम्हा मुलींना त्या जपायच्या, अगदी डोळ्यांत तेल घालून. त्या दिवशी पहिल्या मुलीचं नाव पुकारलं. ती पुढे गेली आणि पदर घट्ट धरून रडायलाच लागली. परक्या पुरुषाच्या कानात आपल्या छातीचे ठोके जाणार, या कल्पनेनंच ती अर्धमेली झाली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि नळीचं टोक स्वतःच्या पदराआड घालून स्वतःच्या छातीवर धरलं.

"छान. पुढची," पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले.

पुढची मुलगी आली, आणि बाईंचा हात होता तिथंच राहिला. नावं बदलत गेली, काळीज तेच. बाईंचं काळीज ठणठणीत होतं. आम्ही तोंडात पदर कोंबून हसत होतो, आणि खरं सांगायचं तर बाईंवर आमचा फार जीव जडला त्या दिवशी. आमच्या अब्रूसाठी त्यांनी स्वतःची पुढे केली होती. माझी मैत्रीण पडद्याजवळून परत आली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. "सुटले ग," ती माझ्या कानाशी म्हणाली. तिच्या नावापुढे 'निरोगी' असं लिहिलं गेलं.

शारीरिक शिक्षण सगळ्यांना सक्तीचं होतं. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच त्यातून सूट. ड्रिलमास्तर जुने पैलवान, माणूस वाईट नव्हता, पण दम लागणं म्हणजे दूध कमी पडणं, एवढंच वैद्यक त्यांना ठाऊक. मैदानाला फेऱ्या मारताना ती मागं राहिली की ते ओरडायचे, "डॉक्टरनं पास केलंय न्हवं तुला? मग पळ की. आन सकाळच्या पारी म्हशी पिळत्यात त्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पीत जा." ती पळायची. रात्री उशाला दोन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपायची. मी तिला चिठ्ठी मागायला सांगितलं, तर म्हणाली, "चिठ्ठी मागितली की पुन्हा तपासतील."

थंडीच्या दिवसांत एके सकाळी ती मैदानावर कोसळली. ओठ निळे पडले होते. टांग्यातून दवाखान्यात नेलं, तिथून मिरजेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची झडप खराब आहे, लहानपणच्या त्या तापापासूनच. आता महिनोन् महिने झोपून राहायचं आणि इंजेक्शनं घ्यायची. तिच्या वडिलांच्या मास्तरकीच्या पगारात ते बसणारं नव्हतं. पण मदत निधी होताच की. त्याचसाठी तर पैसे घेत होते.

तिचे वडील चंदगडहून आले. कॉलेजचं ऑफिस त्यांना नवखं, म्हणून मी बरोबर गेले. प्राचार्यांनी रेक्टरबाईंनाही बोलावून घेतलं होतं. मास्तर खुर्चीत बसलेच नाहीत. टोपी हातात धरून उभे राहिले.

"तिचा आजार लहानपणापासूनचा, असं मिरजेचे डॉक्टर म्हणतात," प्राचार्य म्हणाले. "म्हणजे प्रवेश घेताना तुम्ही तो लपवलात. अशाला निधी मदत देत नाही."

"साहेब, आमाला काय म्हाईत? सांदं सुजल्यालं, ते बरं झालं. लपवाया काय हुतं त्यात?" मास्तर म्हणाले. "आन तुमच्या डाक्टरांनीच तर तपासलंय तिला."

"तेच म्हणतो मी. आमच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा हृदय निरोगी होतं. निरोगी हृदयासाठी मदत कशी देणार?"

मला राग आला की माझं काळीज धाडधाड उडायला लागतं, लहानपणापासूनच. तेव्हाही उडत होतं. मी म्हणाले, "सर, तिची तपासणी झालीच नाही."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही होतात ना तिथं? तपासणी झाली ना?"

बाईंची नजर फरशीवर होती. "झाली," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली, सगळ्यांना नमस्कार केला आणि ते निघाले. बाहेर व्हरांड्यात बाईंनी माझा हात धरला. "पडद्यामागचं बाहेर पडलं तर उद्या एकही बाप मुलगी इथं ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि मला ठेवतील का? मी कुठं जाऊ, सांग बघू." त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं होतं म्हणूनच मला जास्त चीड आली. मी हात सोडवून घेतला. त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

मास्तर तिला गावी घेऊन गेले. चंदगडचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको की तिथं धडधाकट माणसाचंही पावसाळ्यात काय होतं. पण तिला पावसाळा दिसलाच नाही. मे महिन्यातच ती गेली. जूनमध्ये मास्तर तिची ट्रंक न्यायला आले. पलंगाखाली तिच्या चपला होत्या, त्या मी पुसून दिल्या. चपलेचे अंगठे शाबूत होते.

त्याच आठवड्यात हॉलमध्ये पुन्हा पडदा टांगला. त्याच पडद्याला तेच भोक, आणि पलीकडे तेच डॉक्टर. नव्या मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. बाई थकल्यासारख्या दिसत होत्या. पहिल्या काही मुलींची नावं झाली, बाईंचा हात पदराआड होता, आणि डॉक्टर "छान, पुढची" म्हणत होते. मग माझं नाव पुकारलं. मी पुढे झाले, बाईंच्या हातातून नळीचं टोक काढून घेतलं आणि माझ्या छातीवर धरलं. बाईंनी विरोध केला नाही.

या खेपेला डॉक्टर लगेच काही बोलले नाहीत. बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बाई, ही कोण आहे? हिचं काहीतरी बिघडलेलं दिसतंय. इतर मुलींसारखं नाही हे."

मी म्हणाले, "डॉक्टर, इतर मुलींचं तुम्ही अजून ऐकलेलंच नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी हात लांब करून तो पडदा नुसता बाजूला सारला असता तरी पुरलं असतं. पलीकडे खुर्ची करकरली, तेव्हा मला वाटलं, आता ते उठतील.

"पुढची," डॉक्टर म्हणाले.