कोरड्या पात्रातला दगड

फिरताना दिसलेल्या टाकाऊ वस्तू उचलायच्या आणि लाकडी खोक्यांत मांडायच्या, ही माझी कला. पुणतांब्याला गोदावरीच्या काठाने मी रोज सकाळी चालतो. एकटी चप्पल, कंगवा, फुटक्या तसबिरीची चौकट, काहीही चालतं. आई म्हणते, "भंगारवालासुदिक एवढं गोळा करत न्हाई." म्हणू दे, हौसेला मोल नसतं.

यंदाच्या उन्हाळ्यात पात्र पार आटलं. घाटासमोर, एरवी कमरेएवढं पाणी असतं तिथे, मला एक चपटा काळा दगड दिसला. त्याला एका बाजूला खळगा होता. माझा अंगठा त्यात इतका नेमका बसला, की दगड पिशवीत न टाकता हातातच धरून घरी आणला.

आईने तो ओट्यावर पाहिला आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"ह्यो कुठून आनला?"

"नदीतून."

"आरं, जीवखडा हाय त्यो!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. स्मशानात ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात, त्यात गेलेल्याचा जीव दहा दिवस राहतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला, की तो दगड पाण्यात सोडायचा. वडिलांचा मीच सोडला होता, त्याच घाटावर. कावळ्याने तर दुपारपर्यंत वाट पाहायला लावली होती. दगड सोडताना अंगठ्याला एक खळगा लागला होता, हेही आता आठवलं.

"त्यांचाच का रं?" आईने विचारलं. ते अजून सुटलेच नसतील, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट होती. तिने दगडापुढे तांब्या भरून ठेवला. "तहानले असतील," म्हणाली.

मी लगेच परत गेलो. पात्रात एकच डबकं उरलं होतं, त्यात तो हात जोडून सोडला.

चार दिवसांत डबकंही आटलं. तळाशी कितीतरी चपटे काळे दगड पडले होते. मी एक उचलला. अंगठा बसला. दुसरा उचलला, त्यातही बसला. मग उचलायचा धीर झाला नाही. बाटलीतलं पाणी एकावर ओतलं, तर शेजारचा कोरडा दिसू लागला.

आता पिशवी घरीच असते. सकाळी मी दोन कळश्या भरून नेतो.

परतलो की आई दारातच विचारते, "प्याले का?"

मी हो म्हणतो.