गोडादऱ्यात मिळालेला वाटा

बायको गेल्यावर आमच्या भाऊकीत मी एकटाच उरलो. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, भाऊकीतच खायचे. पंगतीला माणूसच नाही, म्हणून घरी कानबाई आई बसेनाशी झाली. शेजारच्या घरांतली गाणी ऐकवेनात. श्रावणात ऐन रोटांच्या दिवशी मी धुळ्याहून चक्क पळालो, तेही कुठे? सुरतेला! तिथे निम्मा खानदेश राहतो हे काय मला ठाऊक नव्हतं? पण दुःखात माणसाचा भूगोल कच्चा होतो. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट.

किल्ला पाहिला, तापी पाहिली, घारी नावाची तिथली मिठाई खाल्ली. पर्यटकाने करायचं ते सगळं केलं. पण "घारी बरी आहे हं," एवढं सांगायलाही शेजारी कोणी नव्हतं. मग मिळेल त्या बसमध्ये बसलो आणि सुरतेतल्याच गोडादरा वस्तीत उतरलो. बघतो तर गल्लीभर कानबाईची गाणी! आई, म्हटलं, पाठलाग करतेस होय?

तेवढ्यात एका दारातून एक सून धावत आली आणि माझी पिशवीच आत ओढली. "भाऊजी उनात! चाला मझार, माय वाट देखी राहिनी!"

आत गेल्यावर उलगडा झाला. तिचा थोरला दीर रागावून घर सोडून गेलेला. तिने त्याचा फक्त फोटो पाहिलेला. तरीही रोटांचे गहू घरातल्या एकेकाच्या नावाने मोजताना त्याच्याही नावाची मूठ दरवर्षी पडायची. मी ओशाळून म्हणालो, "मी तो नाही. तुमच्या भाऊकीतलाही नाही."

सून गोरीमोरी झाली. तिच्या म्हाताऱ्या सासूने मला आपादमस्तक न्याहाळलं. "माले दिखस ना! मना पोऱ्या तुन्यापेक्षा देखना शे."

सगळे हसले. मीही. पण म्हातारी हसली नाही. देवीकडे बघत म्हणाली, "मी त्याले बलायं. आईनी तुले धाडं. तिनापुढे मी काय बोलू? बठ. त्याना वाटा शे, खाई ले."

रोट हातात घेतला आणि भरल्या पंगतीत मी ढसाढसा रडलो.

सुरतेत पाहण्यासारखं काय, असं लोक विचारतात. मी काय सांगणार? किल्ल्याचा रंगसुद्धा आठवत नाही. पण दर श्रावणात पाय तिकडेच वळतात. म्हातारीने मुलगा मागितला, मी एकांत मागितला; आईने दोघांचंही ऐकलं नाही, आणि दोघांनाही उपाशी ठेवलं नाही. तेव्हापासून मी मागणं सोडलं. बोलावलं की जातो.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा म्हातारी गहू मोजत होती. मुलाच्या नावाची मूठ टाकली, आणि माझं नाव घेऊन आणखी एक.